बिनदेठाचे आंबे

दार उघडलं आणि जोतीरामच्या नाकात आंबूस वास शिरला. खोलीत पिकायला घातलेली आंब्यांची अढी सडली होती. आंब्यांखालच्या भाताच्या पेंढ्याच्या पिंजरातून काळं पाणी निघून जमिनीवर पसरलं होतं.

त्याची बहीण राहीबाई हिनं त्याला घाईनं कडेगावला बोलावलं होतं, ते धाकट्या सुनेला पलूसला माहेरी पोचवायला. ही सून विजयमाला बाजूला बसलेली असताना या खोलीत शिरली आणि तिच्या विटाळानं आंबे गेले, असं राहीबाईचा थोरला मुलगा नाथाजी गावभर सांगत सुटला होता. विजयमालाचा नवरा पलटणीत. अंगणात गाडी जुंपलेली. अशी गेली तर तिला परत आणायला कुणी जाणार नव्हतं.

जोतीरामची हयात मिल्ट्रीत रसदीच्या कोठारात गेली होती. कुजक्या मालाची त्याला सवय होती, या असल्या बोलण्याची मात्र शिसारी आली. त्यानं धोतर खोचलं आणि पिंजर उपसायला घेतलं.

वरचा थर टणक, देठासकट. खालचा हात लावताच फुटत होता. त्यातले काही त्यानं पुसून पाहिले. एकालाही देठ नव्हता. सोप्यात भिंतीला आंबे उतरवायच्या झेल्याची काठी टांगलेली होती आणि तिच्या जाळीत कोळिष्टकं भरली होती.

तो अंगणात आला. विजयमाला गाठोडं आणि लेकीला घेऊन गाडीजवळ उभी होती, राहीबाई आणि नाथाजी उंबऱ्याशी.

"पोरी, खोलीत गेलतीस?"

"व्हय मामा. लेक रडाय लागली, म्हून एक आंबा काढला."

"कुठनं?"

"वरनंच."

"नाथा, आंबं कुणी उतरलं?"

"मीच. एकेक झेल्यानं. अढीबी मीच घातली."

"झेल्यात कोळ्यानं घर केलंय, नाथा. यंदा त्यो भिंतीवरनं निघालाच न्हाई. हाताला आलं तेवढं देठासकट तोडलंस, बाकी फांद्या हलवून पाडलंस. आपटल्यालं, देठ मोडल्यालं फळ अढीत सडणारच. ते तळाला लपवलंस, वर चांगलं मांडलंस. हिनं शिवल्याला थर धड हाय. सडलंय ते तुझं."

नाथाजी मान खाली घालून म्हणाला, "झाड लय उंच हाय. झेला कोण धरत बसणार? आईनं इचारलं, तवा हिचं नाव तोंडात आलं."

जोतीराम बाजूला थुंकला. राहीबाईनं सुनेचा हात धरला. "चल बाई घरात."

विजयमालानं हात सोडवून घेतला आणि लेकीला घेऊन ती गाडीत चढली.

"न्हाई आत्ती. आदी त्यास्नी ती घाण काढू द्या. मला हितला वास सोसंना."

जोतीरामनं कासरा हातात घेतला. मागं राहीबाईनं नाथाजीपुढं रिकामी पाटी आदळली.