किरणं भरलेली पोट्टी

"टॉवरवरून पडले काय?" मी विचारलं.

उजवं मनगट डाव्या हातात धरून तो उभा होता. शर्टावर चिखल, कपाळावर घाम आणि गळ्यात मोबाइल टॉवर दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं ओळखपत्र... सेवादास राठोड.

"टॉवरवरून कधीच नाही पडलो, मॅडम. बकरीवरून पडलो."

हसू दाबायचा मी मनापासून प्रयत्न केला, पण ते काही दाबलं गेलं नाही! पुसदच्या त्या दवाखान्यात चार वर्षं एक्स-रे काढतेय मी. मोटारसायकलीनं पाडलेले, बैलानं पाडलेले, सख्ख्या भावानं पाडलेले, सगळे पाहिले. बकरीचा हा पहिलाच.

"हासून घ्या," तो म्हणाला. "मंग फोटो काढा."

आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. मी त्याचा हात टेबलावर ठेवला, बोटं सरळ केली.

"हात सैल सोडा."

"मी तं सोडला कवाचा... तुमीच धरून ठेवला."

कान तापले माझे! मी झटकन शिशाच्या पडद्यामागे गेले.

"हे बरं हाय," तो ओरडला. "तुमी लपता अन् मले किरणात सोडता?"

"तुमी वर्षातून एकदा येसान. मी दिवसातून चाळीस वेळा बटन दाबते. म्हणून लपते."

"वर्षातून एकदाच या लागते? असा नियम हाय काय?"

नियम नव्हता. प्लास्टर झालं, आणि पुन्हा दाखवायच्या तारखेच्या चार दिवस आधीच स्वारी हजर! डॉक्टर नव्हते. बाहेर रिपरिप चालली होती, बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

"एक इचारू? तुमच्या मशीनचे किरण अन् माह्या टॉवरच्या लहरी... नात्यात हाय काय?"

"सख्खी भावंडं. हा उजेडही त्यांच्याच घरचा. सगळ्यांचा वेग एकच."

"मंग लोक मलेच शिव्या काहून देतात? टॉवरनं चिमण्या गेल्या, टॉवरनं केस गळले..."

"कवठाच्या झाडाले चिंचोके मारून पाहा. हजार मारा, कवठ पडते काय? तुमच्या लहरी म्हणजे चिंचोके. एक्स-रे म्हणजे गोटा. एकच बसला तरी पडते."

तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुमी गोटेवाल्या."

"हो. जपून राहा."

"आता काय जपता... नेम बसला ना."

झालं. माझं सगळं फिजिक्स त्या बाकावर वाहून गेलं! प्लास्टर निघालं तरी त्याचं येणं काही थांबलं नाही. संध्याकाळी पूस नदीच्या पुलावर भेटायचो. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो राठोड, मी उज्ज्वला पवार. दोघंही बंजारा तांड्यावरचे, सोयरीक जुळण्यासारखी. आता अडायचं काही कारणच नव्हतं.

अडलं ते त्याच्या आईपाशी, म्हणजे याडीपाशी, हंसाबाईंपाशी.

"याडी म्हणते, पोट्टी चांगली हाय," सेवादास पुलाच्या कठड्याकडे बघत म्हणाला. "पण तिच्या अंगात किरणं भरले असन. उद्या नातवंडाले लागन. माहा एक्स-रे तिनं घरात नाही येऊ देला. बकरीच्या कोठ्यात टांगला."

मी हसले. तो हसला नाही.

"मी म्हटलं, तिच्या छातीवर बॅज असते. अंगावर किती किरणं पडले, तो मोजते. तीन महिन्याचा रिझल्ट येते. तं म्हणते, मंग येऊ दे. मी पत्रिका नाही पाहत, तोच रिझल्ट पाहीन. कमी आला तं पोट्टी आपली."

इथंच तर घोळ होता. कारण त्याच तीन महिन्यांत आमची तीज झाली होती. तांड्यावरच्या मुली टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, नाचतात-गातात. मी रजा टाकून फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर पळाले, आणि बॅज? तो राहिला एक्स-रेच्या खोलीत, खुंटीवर! नऊ दिवस बदली माणूस फोटो काढत होता आणि माझा बॅज इमानेइतबारे किरणं मोजत होता. परत आल्यावर पाहिलं, आणि कुणाला न सांगता मुकाट्यानं लावून टाकला. चूक माझीच!

दिवाळीनंतर रिझल्ट आला. आकडा फुगलेला, सोबत खुलासा मागणारं पत्र. मी खरं होतं ते लिहून पाठवलं. पण हंसाबाईंना काय सांगायचं?

"याडीले वाचता येत नाही," सेवादास म्हणाला. "कमी आला म्हणून सांगू. कोणाले समजते?"

खरं सांगू, मनात लाडू फुटले! इतकं सोपं?

दुसऱ्याच दिवशी तो आईला घेऊन आला. गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता, पण किरणांच्या भीतीनं तिनं फोटो काढला नव्हता. बहुतेक मलाच बघायला आली होती. टेबलावर पाय पसरून तिनं माझ्या छातीवरच्या बॅजकडे बोट दाखवलं.

"ह्याचा रिझल्ट आला म्हणे. कमी हाय ना?"

दारात सेवादास मान हलवत होता... हो म्हण, हो म्हण! माझ्या तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"नाही, मावशी. जास्त आला."

मग सगळंच सांगितलं. तीज, खुंटी, माझा विसरभोळेपणा. सेवादासनं डोळे मिटून घेतले. हंसाबाईनं मान वळवून मशीनकडे पाहिलं.

"बटन बंद केल्यावर किरणं कुठं जाते?"

"घरचा लाइट बंद केला तं उजेड कुठं जाते?"

तिनं वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. "कुठं जाईन... सरते."

"हेही तसंच सरते. मशीनमधी उरत नाही. माह्या अंगातही नाही."

"मले वाचता नाही येत. कमी सांगतलं असतं तं मी काय करणार होती?"

"काहीच नाही."

"मंग सांगतलं काहून?"

"तुमच्या घरात राहाचं हाय, मावशी. तुमच्या पोरावर जीव हाय माहा. खोट्यापासून सुरू केलं तं तुमच्याकडे पाहीन कशी?"

"काढ फोटू," ती एवढंच म्हणाली.

मी काढला. ती उठली, लुगडं सारखं केलं, दारापर्यंत लंगडत गेली आणि वळली.

"पोरी, पुढच्या तीजेले रजा टाकू नोको."

"...काहून?"

"तीज कुवाऱ्या पोट्टीची असते. तू कुठं राहशीन कुवारी?"

मला समजायला थोडा वेळ लागला. सेवादासला मुळीच लागला नाही, तो दारातच नाचत होता! मी धावत जाऊन त्याचा हात घट्ट धरला, आणि तोही सासूच्या देखत.