होडीचं कार्ड

"आये, विम्यात एकाच बाजूचं नाव घालता येतं… तुझं, नाहीतर माझ्या सासऱ्यांचं. दोघांचं नाही."

केतन हे बोलला तेव्हा त्याची नजर ताटातल्या भातावर खिळलेली होती, आणि आत, बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरातल्या मोरीपाशी, त्याच्या बायकोने, पूर्वीने, नळ मुद्दाम मोठा सोडला होता. पाण्याच्या आवाजाखाली दडवलेला हुंदका मनोरीहून आलेल्या सोनूबाईंना तरीही ऐकू आला. सुनेचे वडील, गोराईचे महादू, चार पावले चालले की छातीला हात लावून थांबत होते. हृदयाची झडप बदलण्यावाचून इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. केतनच्या अंधेरीच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या कुटुंबासाठी विमा काढला होता, पण त्याची अट निष्ठुर होती : आईवडील घ्या, किंवा सासूसासरे घ्या. एकदा घातलेले नाव वर्षभर बदलता येणार नव्हते. इकडे आई विधवा, तिकडे सासरा विधुर. दोन एकट्या जिवांमधून एक निवडण्याचे काम त्या मुलावर येऊन पडले होते!

सोनूबाईंनी लेकाच्या वाकलेल्या मानेकडे पाहिले. आपण गप्प बसलो तर हा आपलेच नाव घालील, आणि मग आयुष्यभर बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवू शकणार नाही… पण तोंडातून शब्द निघाले ते मात्र मासळीबाजारातल्या ठसक्याने.

"माझी कशाला काळजी करतोस रे? माझं मच्छीमार सोसायटीचं दवाखान्याचं कार्ड हाय. माझ्या दुखण्याला मला कोणाचा टेकू लागत नाय!"

केतनच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरला. नळ बंद झाला. पूर्वी पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तिने फक्त शेवटचे वाक्य ऐकले होते. आपले वडील टेकू शोधणारे, आणि ही मनोरीची बाई स्वाभिमानी, असाच त्याचा अर्थ तिच्या दुखऱ्या मनाने घेतला. तिने सासूपुढचे ताट उचलले. त्यात अजून दोन घास उरलेले होते.

त्या दोघींमधले अंतर तसे जुनेच होते. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलेल्या सुनेच्या हातात सासूने आपला कोयता द्यायचा आणि तिने त्याने एक मासा कापायचा, अशी सोनूबाईंच्या घराची रीत होती. बाजारातला बसायचा ओटाही असाच सासूकडून सुनेकडे येई. पूर्वी बँकेत नोकरीला होती. सगळ्या बायकांसमोर तिने हात मागे घेतला होता. "राहू दे गं, तिच्या मेंदीला वास लागंल!" असे म्हणून सोनूबाईंनीच हसून वेळ मारून नेली होती, पण ती गोष्ट दोघींनाही विसरता आली नव्हती.

महादूंचे ऑपरेशन झाले. ते लेकीकडेच राहू लागले, आणि दोन खोल्यांत तिसऱ्या अंथरुणाला जागा उरली नाही. सोनूबाईंचे बोरिवलीला जाणे आपोआप थांबले. केतन रविवारी फोन करी. "बरी हाय" या दोन शब्दांपलीकडे त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नसे. रोज पहाटेच्या बोटीने पाटी घेऊन मार्व्याच्या धक्क्यावर उतरायचे, दुपारपर्यंत ओट्यावर बसायचे, आणि परत येऊन कुलूप काढायचे… ज्या घरात कधी जाळी विणणाऱ्यांना बसायला जागा पुरत नसे, तिथे आता त्या स्वतःशीच मोठ्याने बोलत. "आज बोंबील महाग गं बाई!" असे म्हणत, आणि उत्तर देणारे कुणी नाही हे ध्यानात आल्यावर ओशाळून चूल फुंकू लागत.

अशाच एका दिवशी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा त्यांच्या उजव्या हाताच्या बोटात घुसला. शिंगाळ्याचा काटा विषारी, पण त्यात नवल ते काय! किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाईला तो कधी ना कधी लागलेला असतो, आणि त्याचा उपायही प्रत्येकीला ठाऊक असतो : कढत पाण्यात बोट धरायचे, ठणका थांबेपर्यंत. ठणका थांबला म्हणजे काटा मेला. सोनूबाईंनी तसेच केले. पाणी सोसवेना इतके गरम असायला हवे होते. पण त्यांना ते सोसत होते. ठणका तर फार लवकर थांबला. "मेला एकदाचा!" त्या समाधानाने म्हणाल्या. कितीतरी महिन्यांपासून रक्तात वाढत चाललेल्या साखरेने त्या बोटातली जाणीवच हिरावून नेली होती, हे त्यांना कोण सांगणार? गावात शेजारणींना सांगण्याजोगे दुखत नव्हते, आणि न दुखणाऱ्या बोटासाठी धंदा बुडवून खाडीपलीकडे डॉक्टर गाठण्याची चाल त्यांच्या घराण्यात नव्हती. बोट काळसर पडले, तेव्हा त्यांनी त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि कोयता डाव्या हातात घेतला.

महादू आले ते एका दुपारी, न कळवता. बोटीतून उतरून वाळूतून सावकाश चालत आले आणि ओटीवर टेकले.

"विहीणबाय, तुमी रुसल्या काय? मी पोरीच्या घरात पथारी टाकून बसलोय, म्हणून तुमी येत नाय. खरं सांगा. उद्या गोराईला जातो परत."

"आता झडप नवी घातली तर डोकं कशाला बिघडवता?" सोनूबाई हसल्या. "बसा. च्या टाकते."

कपबशी त्यांनी डाव्या हाताने पुढे केली. महादूंच्या कपाळाला आठी पडली. विहिणीने डाव्या हाताने चहा देणे म्हणजे अपमानच. पण मग त्यांची दृष्टी पदराआड दडवलेल्या उजव्या हातावर गेली, आणि दारातून आलेल्या वाऱ्याबरोबर तो वास आला. मासळीचा नव्हे. जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाला तो फरक कळला.

"हात दाखवा."

"काटा लागलेला. मेला तो कधीच. दुखत पन नाय."

चिंधी सुटली, आणि महादू उठून उभे राहिले. "अरे देवा… चला! आत्ताच्या आत्ता बोटीत बसा. सोसायटीचं कार्ड घ्या बरोबर. केतन बोललाय, तुमचं कार्ड हाय म्हणून."

सोनूबाई कपातल्या चहाकडे पाहत राहिल्या. "हाय… ठेवलंय कुठंतरी."

महादू दोन पावले गेले आणि थबकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"कार्ड होडीवर असतं, विहीणबाय." ते परत वळले. "होडी हाय तोवर घरातल्यांचं कार्ड. होडी गेली की कार्ड गेलं. माझी विकली तेव्हा माझं असंच गेलं… आणि तुमच्या मालकांच्या आजारात तुमची होडी विकली, तेव्हा गिऱ्हाईक मीच आणलेलं."

बाहेर वलांडीच्या बांबूंवर वाळणारे बोंबील वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते.

"म्हणजे ही झडप…" महादूंनी छातीवर हात ठेवला. त्या वृद्ध खलाशाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "ही तुमची हाय! तुमची!"

"माझी कशी? डॉक्टरनं घातली," सोनूबाई म्हणाल्या, आणि सुटलेली चिंधी पुन्हा बोटाला गुंडाळू लागल्या. "पोरांना बोलायचं नाय. आन हाय तुमाला!"

महादूंनी ती आण पाळली नाही.

सड शेजारच्या बोटापर्यंत पसरली होती; महापालिकेच्या रुग्णालयात दोन बोटे काढावी लागली. वॉर्डात खाटा कमी होत्या. सोनूबाईंचे अंथरूण जमिनीवर होते, आणि पूर्वी फरशीवर त्यांच्या उशाशी बसून होती. केतन बाहेर, औषधांच्या रांगेत. पूर्वीचे डोळे रडून सुजले होते, तरी आवाजात राग होता.

"खोटं का बोललात, आई? खरं सांगितलं असतंत तर… मी निदान भांडले तरी असते!"

"म्हणूनच तर."

"मला वाटलं, तुम्ही माझ्या बाबांना भिकारी म्हणालात. वर्षभर मी तेच मनात धरलं. आणि खरं सांगू?" ती एकदम फुटली. "तुमच्याकडे कार्ड नाही हे कळलं असतं ना, तरी मी बाबांचंच नाव घालायला लावलं असतं! केतनचा जीव खाल्ला असता!"

सोनूबाईंनी बऱ्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवला. "घालायलाच हवं होतं. लेकीनं बापाचं बघू नये तर कोणाचं? पण निवडायला माझा केतन बसला असता गं… तो मेला असता त्यात."

पूर्वीने त्यांच्या कुशीत तोंड लपवले. शेजारच्या रुग्णाने कूस बदलली आणि परिचारिका "इथे रडू नका हो" म्हणत निघून गेली.

अश्रूंनी विम्याची अट बदलत नाही. सोनूबाईंसाठी वेगळा विमा काढायला केतन गेला, तेव्हा वय आणि साखर पाहून नकार मिळाला. नवे वर्ष आले आणि तोच प्रश्न पुन्हा पाटावर येऊन बसला. या खेपेस महादूंनी तो हातातच घेतला. मनोरीच्या ओटीवर, सगळ्यांसमोर, ते गरजले, "माझं नाव काढा! माझं काम झालंय. आता विहीणबायची पाळी!"

"आणि तुमची झडप अडली तर?" सोनूबाईंनी विचारले.

"अडली तर तुमी कोयत्यानं साफ करा!"

कोयत्याचे नाव निघाले आणि पूर्वीची नजर कोनाड्याकडे गेली. मग सोनूबाई स्वतःच हसल्या, आणि या वर्षी त्यांनी नकार दिला नाही. देणे त्यांना आयुष्यभर जमले होते. घेताना मात्र मान खाली गेली.

त्या दिवशी पूर्वी न सांगता उठली. कोनाड्यातला कोयता घेऊन पाटीपाशी बसली आणि एक बोय मासा समोर ओढला. खवले उलटसुलट उडाले. तुकडे कुठे जाड, कुठे फाटके. सोनूबाईंची उरलेली बोटे दोनदा पुढे झाली आणि दोन्ही वेळा मागे आली.

"वाकडे झाले हो, आई."

"पोटात गेले की सरळ होतात."

संध्याकाळच्या बोटीने बाकीचे सगळे परतले. "चला ना बोरिवलीला," पूर्वी धक्क्यावर पुन्हा म्हणाली होती. "येईन, शनवारी येईन," असे सोनूबाईंनी उत्तर दिले होते, आणि या वेळी ते खरे होते. बोट खाडीत लहान होत गेली. सोनूबाई घरी आल्या, कुलूप काढले. घर नेहमीसारखेच रिकामे होते… चूल विझलेली, ओटी झाडलेली. कोनाड्यात पूर्वीने धुऊन ठेवलेला कोयता मात्र उलटा होता, मूठ भिंतीकडे आणि पाते बाहेर. त्या घरात इतक्या वर्षांत तो असा कुणी ठेवला नव्हता.

सोनूबाईंनी हात पुढे केला. क्षणभर तसाच धरला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि कोयता पोरीने ठेवला तसाच राहू दिला.