मांतेगा आणि जनरल

त्याच्या पाठीवर मी चक्क आदळलेच!

चूक त्याचीच. लाकडी पुलाच्या मधोमध उकिडवं बसून कुणी बुटाची नाडी बांधतं का? माझ्या हातात डबा, डब्यात माझं कासव, पुढे हा. कसाबसा तोल सावरून मी डबा खाली ठेवला.

"दिसत नाही?" तो म्हणाला.

"तुझी पाठ? दिसली ना! आदळल्यावर."

त्याने वळून पाहिलं. करडे डोळे, नाकावर उन्हाचे ठिपके, आणि हसू… ओठ घट्ट मिटूनही निसटलेलं. दलदलीतून ओल्या गवताचा वास येत होता. मी श्वास घ्यायला विसरले.

"ऑरिन टिंकम," तो म्हणाला. "हा माझा जनरल." बाजूलाच त्याचा डबा होता, अगदी माझ्यासारखा.

"नेल्डा मोंतेरो. आणि ही मांतेगा. म्हणजे पोर्तुगीजमध्ये लोणी. आमच्या घरी सगळ्या लाडक्यांना असंच काहीतरी म्हणतात."

"तुला काय म्हणतात?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्याच्या शाळेच्या बाईंनी हाक मारली. डबा उचलून तो पळाला. वर्गात वाढवलेली कासवाची पिल्लं सोडायला आज दोन शाळा आल्या होत्या, त्याची पुढे, आमची मागे. अभयारण्याची ही फेरी दीड मैलाची, फाटकावरच लिहिलंय – 'सोपी'. फेरी संपली की दोन बस दोन गावांना जाणार.

म्हणजे माझ्या हातात जेमतेम तासभर. तेवढ्यात या मुलाला सांगायचं की तू मला आवडलास. ठरलं!

"वेडी आहेस," माझी मैत्रीण झुल्मिरा म्हणाली. "फोन नंबर घे आणि गप्प बस."

"नंबर घेऊन पुढे काय? महिनाभर 'हाय' लिहून पुसत बसू?" गेल्या वर्षीपर्यंत मी दुकानात सुटे मागायलाही भावाला पाठवायचे. ती नेल्डा आता संपली.

पुढे चढ लागला. दोन्ही बाजूंना उतार, मधून पाऊलवाट, पाइनच्या तापलेल्या काड्यांचा वास. आमच्या वाटाड्या होलब्रुकबाई सांगत होत्या, "हा बांध हिमयुगात बर्फाच्या पोटातून वाहणाऱ्या नदीने रचलाय. आणि जिथे बर्फाचे डोंगराएवढे तुकडे वाळूत अडकून वितळले, तिथे तळी झाली. तुमची कासवं तिथेच सोडायचीत."

तेवढ्यात माझ्या डब्यात खसखस झाली. माझी मांतेगा तर दिवसभर झोपणारी! मी झाकण उचललं. कासवाने तोंड वासून माझं बोट धरायला झेप घेतली. ओळखीसाठी कवचाच्या कडेला केलेल्या खाचा मोजल्या… मांतेगाच्या नव्हत्याच.

जनरल!

खरं सांगू? मी घाबरायला हवं होतं. सप्टेंबरात नाण्याएवढी असल्यापासून मी मांतेगाला पानं खाऊ घातली होती, शाळेची टाकी घासली होती. तिला दुसऱ्याच कुणी पाण्यात सोडलं तर? पण त्याआधी छातीत काहीतरी टुणकन उडालं – आता मला त्याच्याकडे जावंच लागणार!

"पेरी सर, डबे बदललेत! मी पुढे जाते!"

"नेल्डा, रांग!"

"सर, मांतेगा!"

सरांनी कपाळाला हात लावला. "जा. पण वाट सोडू नकोस."

मी सुटले. डबा छातीशी, वेणी सुटलेली, बुटात वाळू. घराएवढा एकटा धोंडा ओलांडला आणि खाली गोल, काळंशार तळं दिसलं. त्याच्या शाळेतली मुलं रिकामे डबे धुवत होती. ऑरिन मात्र काठावर एकटाच, डबा मांडीवर घेऊन बसलेला.

"सोडलं नाहीस?" मी धापा टाकत विचारलं.

"माझं नाही ना."

"कधी कळलं?"

त्याचे कान लाल झाले. "पुलावरच. उचलला तेव्हा डबा हलका लागला."

"मग ओरडला का नाहीस?"

"ओरडलो असतो तर… तू तिथेच डबा बदलून निघून गेली असतीस."

आता माझे कान तापले. आम्ही डबे बदलले, गुडघे टेकले. जनरल धाडकन पाण्यात गेला. मांतेगाने मान बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली, आणि मग काळ्या पाण्यात हळूच नाहीशी झाली. माझे डोळे भरले. ऑरिनने बाही पुढे केली, मी खुशाल पुसले.

परतीची वाट बरोबरच चाललो. पण मघाचा एवढा बोलका मुलगा आता नुसता खडे उडवत होता, आणि मीही… कासवांच्या आहाराबद्दल बोलत होते! पालकाबद्दल! वाहनतळ आला. तो त्याच्या बसच्या पायरीवर चढला.

नाही. हे असं नाही संपणार.

"ए टिंकम!"

तो वळला. दोन शाळा वळल्या.

"मला तू आवडलास! शनिवारी नऊ वाजता फाटकाशी येणारे मी. तूही ये."

कुणीतरी शिट्टी मारली. झुल्मिराने तोंड झाकून घेतलं. मी जागची हलले नाही.

"नेल्डा, बसमध्ये चढ!" पेरी सर ओरडले.

"एक मिनिट, सर. उत्तर यायचंय."

ऑरिन पायरीवरून उतरला. "मलाही तू… अगं, मीच आधी म्हणणार होतो!"

"मग लवकर म्हणायचं!" मी म्हणाले, आणि ताठ मानेने बसमध्ये चढले.