दोन शेरांचा दगड

कमळेचं बाळ आठव्या महिन्यातच आलं, दीड शेराचं. सासू गुणाबाई म्हणाली, "वजन धरू दे. मंग बारसं करू." लेकराला साधं नावसुद्धा नाही, याचा मला राग यायचा, पण भाडेकरूला विचारतो कोण?

सत्तावन्न साली खनिज तपासणीच्या कामावर मी आरमोरीला त्यांच्याकडे राहत होतो. नाजूक तराजू माझ्याकडेच, म्हणून गुणाबाई दर सोमवारी बाळाला सुपात घालून आणायची. पहिल्या दिवशी वजनं कमी पडली. मी टेबलावरचा दोन शेरांचा करडा दगड पारड्यात टाकला. सुपासकट बरोब्बर दोन शेर, काटा मधोमध.

त्या दगडाचा अहवाल कलकत्त्याहून आला होता. नायोबियम आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल. धातूची चमक, वीज वाहते, ठोकला की लसणाचा वास. निसर्गात आढळत नाही. 'उपयोग' या रकान्यात नुसती रेघ.

पुढच्या सोमवारी बाळ सोळा तोळे, म्हणजे शेराचा पाचवा हिस्सा वाढलं. गुणाबाईनं साखर वाटली. मी सहज दगड तोलला. सोळा तोळे कमी. पारडी पुसली, अदलाबदल केली. तेवढंच.

मग दर सोमवारी हेच. बाळाच्या मांड्यांना वळ्या पडल्या आणि मला खुळ्यासारखा आनंद व्हायला लागला. घरभर लसणाचा वास असायचा.

"बाळंतीण खाते ना, भाऊ," गुणाबाई हसली.

आतून कमळा म्हणाली, "मी कुठी खाऊन राह्यली? मले तर सोसतच नाई."

दगड कलकत्त्याला परत पाठवा, असं ऑफिसचं पत्र आलं. मी ते चुलीत घातलं. नोकरी गेली तर गेली.

असे दहा सोमवार गेल्यावर दगड दिसायला तेवढाच होता, पण पारडं हललं नाही. बाळ साडेतीन शेर. कमळेचा नवरा लटारू इतका खूश, की त्यानं मलाही थट्टेनं धानगिरणीच्या काट्यावर चढवलं. साठ शेर भरलो.

पुढच्या सोमवारी बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या, बायका गायल्या. नाव ठेवलं वारलू. वारलू पुन्हा सोळा तोळे वाढला होता.

कमळेनं त्याला माझ्या मांडीवर दिलं आणि थबकली.

"भाऊ, आज वास तुमच्या अंगाले येऊन राह्यला."

मी एकटाच गिरणीत जाऊन आलो.

सोळा तोळे कमी.

वारलू माझं बोट धरून हसत होता. मी हिशोब केला. साठ शेर म्हणजे तीनशे सोमवार. तोवर पोरगं पाटी घेऊन शाळेत जाईल.

'उपयोग' या रकान्यातली रेघ मी खोडली.