न टोचलेल्या अळ्या

त्या दुपारी मी प्रयोगशाळेत गेले ती शेवटच्या फेरीच्या अळ्या मोजायला. मधमाशांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या, पांढऱ्या, करंगळीच्या पेराएवढ्या अळ्या. जंतू टोचला की त्या काळ्या पडून मरतात. जंतूतलं घातक जनुक काढून टोचला, तर जगतात.

आम्ही टोचत होतो तो जंतू दाभोळच्या यमुनाबाईंच्या जखमेतला होता. पायाचं साधं ऑपरेशन, आणि सहाव्या दिवशी बाई गेल्या. रुग्णालय म्हणालं, मासळीवालीचे हात घाणेरडे, जंतू घरूनच आला. त्यांची लेक कमळा माझ्यासमोर एवढंच बोलली, "माज्या आयशीला घाणेरडी म्हनतात ओ..." आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

कारण रुग्णालयाच्या बेसिनमध्ये तोच जंतू निघाला होता, त्याच जनुकासकट. दोन्हींनी अळ्या सारख्याच मारल्या. आणखी काय पुरावा हवा? पण आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या गुरुप्रसाद सरांनी अहवालात 'जंतू घरचा' असं लिहून ठेवलेलं. रुग्णालय त्यांच्या मेहुण्याचं ना! जनाची नाही, मनाची तरी?

प्रत्येक मोजणीआधी आमचा शिपाई गंगाराम नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. तो यमुनाबाईंच्या वाडीतला. त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "बा देवा म्हाराजा... जेनी यमुनेचा जीव घेतलान, आनि जो त्येच्यावर पांघरून घालतो, त्येला उघडा पाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांनी होकार द्यायचा असतो; सवयीनं शेजारी बसलेले सरही म्हणाले. मग त्यांनी अहवालावर सही करायला पेन काढलं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. कोंदट खोलीत मेणाचा वास दाटला आणि कोपऱ्यातल्या डबीत सळसळ सुरू झाली. त्या डबीतल्या दहा अळ्यांना आम्ही सुईसुद्धा लावली नव्हती. एकेक अळी डोक्याकडून काळी पडत चालली होती.

"सर... ही डबी..."

"उकाड्यानं होतं," सर म्हणाले, आणि त्यांनी सही केली. दहावीही काळी पडली.

मी त्या अळ्या खलात वाटून तपासल्या. जंतू एकही नाही.

सोमवारी सर उजव्या हातात हातमोजा घालून आले. "नख काळं पडलंय जरा... दुखत नाही." त्यांचं रक्त मीच तपासलं. त्यातही काही नाही. मला दया यायला हवी होती; आली नाही. अहवाल मागे घ्या, असं मी तोंडावर सांगितलं. ते नुसते हसले.

काल त्यांचा हातमोजा कोपरापर्यंत होता.