कोऱ्या पानांवरच्या सह्या

रविवारी दुपारी अडीचला नीलम दवाखान्यात रजिस्टर आणायला निघाली. काम दहा मिनिटांचं. एप्रिलच्या उन्हात अकोल्यातलं कुत्रंही सावली सोडत नव्हतं. पण सोमवारी चौकशी होती, आणि गॅस बंद केला का हे तीनदा पाहणाऱ्या बाईला तोवर थांबवणार कोण?

"लवकर ये वं," सासूबाई, दुर्गाबाई, म्हणाल्या होत्या. "पोरगी उठली का रडून रडून मले काई सुचू देत नाई."

दवाखान्याच्या तळघरात संगणक होते आणि त्यांची राखण करणारा एआय. सगळे त्याला राखणदारच म्हणत. बाहेरून कुणी चोर शिरतोय असं वाटलं, की कुठल्या यंत्राची जोडणी तोडायची हे तो स्वतःच ठरवायचा. म्हणून संगणक विभागाच्या जुन्या प्रमुखांनी, शेषरावसाहेबांनी, निवृत्त होण्याआधी नियम घातला होता : तोडण्याआधी माणसानं रजिस्टरात कारण लिहायचं, सही करायची आणि पानाचा क्रमांक संगणकाला द्यायचा. "त्याले हात नाई," ते म्हणत, "म्हून सही हातानंच."

आता विभाग नीलमकडे होता, म्हणून सही तिची. पण बाळंतपणाच्या रजेवर जाताना तिच्या जागी कुणी आलं नाही. कळा सुरू असताना फोन नकोत, म्हणून तिनं कोऱ्या पानांवर आधीच सह्या करून ठेवल्या. कारण कुणीतरी लिहील. कोण, ते मात्र तिनं विचारलंच नाही.

मंगळवारी राखणदारानं नवजात बाळांच्या वॉर्डातल्या यंत्रांची जोडणी अकरा मिनिटं तोडली, आणि धोक्याची घंटा वाजलीच नाही. एक बाळ निळं पडलं. शकुन सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून वाचलं. मंजुरी नीलमच्या नावावर. त्या वेळी नीलम घरी होती, लेकीला, आचलला, पाजत.

खरं म्हणजे ती रजिस्टर न्यायला आलीच नव्हती. तेवढी पानं फाडायला आली होती.

नत्थुजी चौकीदारानं कुलूप उघडलं. आत गार अंधार, यंत्रांची संथ घरघर. आणि दुधाचा आंबूस वास. तिनं स्वतःच्या ओढणीचा वास घेतला. ओढणीला साबणाचा वास होता.

मंगळवारचं पान. 'अनोळखी हालचाल. थांबायला वेळ नाही.' अक्षर तिचंच. 'ळ'ची शेपटी अर्धवट सोडलेली, शाळेत बाई जिच्यावरून रागवायच्या तशीच. मागची पानंही भरलेली. सगळी तिच्याच अक्षरात.

"नत्थुजी... इथं लिहायले कोण येते?"

"काहून मजाक करता मॅडम? तुमीच त येता. रोज दुपारी. लेकराले खांद्यावर घेऊन."

नीलमनं पुन्हा त्या अर्धवट शेपटीकडे पाहिलं.

"एक सांगू? लय गुणाचं लेकरू हाय तुमचं. एकडाव बी रडलं नाई..." म्हणत ते पायऱ्या चढून वर गेले.

नीलमनं पान चिमटीत धरलं. फाडलं की संपलं. पण डोळ्यांपुढे ते निळं बाळ आलं, आणि वॉर्डाबाहेर बाकावर बसलेली त्याची आई. तिला तर उद्या कुणी काही सांगणारही नव्हतं. नीलमनं पान सोडलं. पर्समधून पेन काढलं आणि पुढच्या पानावर लिहिलं : 'या सह्या मी कोऱ्या पानांवर आधीच केल्या. राखणदाराला मोकळं मी सोडलं. जबाबदार मी.' खाली सही केली. कित्येक दिवसांनी छाती जरा हलकी झाली.

फोन वाजला. दुर्गाबाई.

"नीलम... पोरगी उठली."

"रडून राहिली काय?"

"नाई वं. तेच त... नुसती खांद्यावर मान टाकून हाय. ऊं नाई का चूं नाई..."

"येते मी. आत्ता येते."

तिनं रजिस्टर उचललं. तिच्या ओळीखाली आणखी एक शब्द होता. तिच्याच अक्षरात : 'नामंजूर.' आणि सही.

तिनं अंगठा फिरवला. शाई ओली होती. पेन तिच्या दुसऱ्या हातात होतं, टोपण लावलेलं.