त्रेसष्टाव्या पानाची चांदणी

“खाली चांदणी आहे आणि वर काहीच नाही! असं कधी असतं का?”

सिस्टरबाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं. चाळीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या या बाईंना निवृत्तीनंतरही हळू बोलणं जमत नव्हतं.

समोर वहिनी बसल्या होत्या. खासगी तपास करणाऱ्या गावातल्या त्या एकट्याच बाई. धाकटे दीर वहिनी म्हणत, म्हणून सगळेच वहिनी म्हणत. ते दीर, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक भाऊजी, शेजारी वही उघडून तयारीत होते. तपासात त्यांची मदत किती व्हायची, हा वेगळ्या तपासाचा विषय होता.

‘घरातला आजारी’ हे पुस्तक सिस्टरबाईंनी अकरा वर्षं खपून लिहिलं होतं. त्रेसष्टाव्या पानाच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात, एक बारीकशी चांदणी छापलेली होती. टीप नाही, काही नाही.

“चांदणी म्हणजे खाली बघा,” सिस्टरबाई म्हणाल्या. “औषधापुढे चांदणी दिसली की तळाची टीप वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हे मी नर्सिंगच्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचे.”

“साबणाच्या जाहिरातीतही असते,” भाऊजी म्हणाले. “वर मोठ्या अक्षरात ‘डाग गायब’, खाली बारीक अक्षरात ‘सगळेच नाही’.”

सिस्टरबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भाऊजी वहीत डोकं घालून बसले.

“दीडशेच्या दीडशे प्रतींत ही आहे. म्हणजे माझी टीप तरी गाळलीय, नाहीतर मजकुरात कोणी हात घातलाय. उद्या सकाळी नर्सिंगच्या मुलींना वाटायचीत ही पुस्तकं. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर सगळी रद्दीत घालीन. अकरा वर्षं गेली तरी चालतील, पण चुकीचं पुस्तक मुलींच्या हातात देणार नाही.” शेवटचं वाक्य मात्र त्या हळू बोलल्या.

वहिनींनी पान उजेडात धरलं. शेजारच्या पानांपेक्षा ते किंचित पांढरं होतं. शिवणीजवळ बोट फिरवताना त्या मध्येच थांबल्या.

“चला, छापखान्यात,” त्या म्हणाल्या.

छापखान्याचे मालक ऐकूनच लाल झाले. “लेखकाचा स्वल्पविरामसुद्धा आम्ही हलवत नाही! चूक असली तरी ती लेखकाची. जो हलवेल तो घरी बसेल, हे मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.”

त्यांनी हस्तलिखित काढून दिलं. सिस्टरबाई मालकांना फैलावर घेत तिथेच थांबल्या. वहिनी आणि भाऊजी आत गेले. वहिनींच्या हातात छापील पान होतं, भाऊजी हस्तलिखित वाचून दाखवत होते.

“‘जुलाब झालेल्या मुलासाठी. एक लिटर पाणी उकळून गार करावे. त्यात सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे.’” त्यांनी दोन्हींतले शब्द बोटांवर मोजले. “वहिनी, एकही शब्द कमी नाही की जास्त नाही. पान चोख आहे.”

“मोजलंत छान,” वहिनी म्हणाल्या.

“आणि बाईंनी हाताने काढलेल्या चांदण्या बघा. प्रत्येकीला आठ रेघा. शिस्त म्हणजे शिस्त!”

शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पानं तयार करणारा जुळारी पन्नाशीचा, अबोल माणूस होता. “पान मीच जुळवलं,” तो म्हणाला. “चांदणीचा खिळा चुकून पडला असेल.”

त्याच्या डोक्यावर भिंतीला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. वरचा मजकूर विटून गेला होता. तळाला आठ रेघांची चांदणी होती आणि पुढे लिहिलं होतं : मीठ जास्त झालं तर जिवावर बेतेल.

“जुनी दिसतेय,” वहिनी म्हणाल्या.

“वीस वर्षं झाली,” जुळारी म्हणाला, आणि पुन्हा खिळ्यांकडे वळला.

बाइंडर गप्पिष्ट निघाला. “तळाच्या खुणा वाचणाऱ्यांसाठी नसतात हो, आमच्यासाठी असतात. कुठलं पान कुठे बसवायचं ते त्यावरून कळतं.”

“आणि ही चांदणी?”

“ही होय? मी आपला शिवणारा माणूस. मी काही पान कापून चिकटवलेलं नाही.”

भाऊजींनी तेही इमानाने लिहून घेतलं. वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

“सिस्टरबाई, तुम्ही चांदणी पाहून टीप शोधत बसलात. पण ही तुमच्यासाठी नव्हतीच, बाइंडरसाठी होती. जुनं पान कापा, हे बसवा, एवढाच तिचा अर्थ. पान पांढरं आहे, कारण कागद नंतरचा आहे. शिवणीजवळ जुन्या पानाची अरुंद पट्टी बोटाला लागते. आणि बाइंडरदादा, चिकटवण्याचं मी तुम्हाला विचारलं तरी होतं का?”

बाइंडरने जीभ चावली.

“म्हणजे हात घातलाच!” सिस्टरबाई कडाडल्या. “काय बदललं?”

“दोन शब्दांच्या जागा.” वहिनींनी हस्तलिखित त्यांच्यापुढे धरलं. “वाचा. पण सावकाश.”

सिस्टरबाईंनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. भाऊजींनी पटकन स्टूल पुढे केलं.

“सहा चमचे मीठ,” त्या पुटपुटल्या. “मी लिहिलं हे? प्रुफं तीनदा वाचली होती मी.”

“आपलं लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवत असतो,” वहिनी म्हणाल्या. “ज्यांनी ओळखलं त्यांच्याकडे तुमच्याच हातची चिठ्ठी होती, त्याच आठ रेघांच्या चांदणीची. बोला जुळारीदादा.”

जुळारीने मालकांकडे पाहिलं, मग सिस्टरबाईंकडे.

“मुलगी दीड वर्षाची होती. तुम्ही वॉर्डातून ही चिठ्ठी लिहून दिलीत, म्हणून ती वाचली. छपाई झाल्यावर भिंतीकडे नजर गेली आणि मीठ-साखरेची अदलाबदल ध्यानात आली. तुम्हाला तुमची चूक दाखवायची छाती झाली नाही, सिस्टर. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी दीडशे पानं बदलली. नवं पान जुळवताना हाताच्या सवयीने चांदणीचा खिळाही बसवला गेला, ती चूक माझी.”

“कोणी घरी बसणार नाही,” मालक म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

“तुमची मुलगी काय करते आता?” सिस्टरबाईंनी विचारलं.

“नर्सिंगला आहे. उद्या तिलाही पुस्तक मिळेल तुमच्या हातून.”

सिस्टरबाई उठल्या. त्यांनी बाइंडरचे हात धरले, मग जुळारीचे, आणि बराच वेळ सोडले नाहीत. “फार उपकार झाले,” त्या म्हणाल्या. डोळे त्यांनी पुसलेही नाहीत.

मग पेन मागून त्यांनी एक प्रत उघडली. पहिल्या पानावरच्या स्वतःच्या नावापुढे आठ रेघांची चांदणी काढली, आणि तळाला तशीच दुसरी काढून पुढे लिहिलं :

पान त्रेसष्ट तुझ्या बाबांचं आहे.